नदीवर पूल नाही

६ फेब्रुवारी, सकाळी ७.१०

आजपासून रोज पाच ओळी लिहायच्या. डॉक्टर म्हणाले, मनात साठवू नका, रक्तदाब वाढतो. माझ्या मनात काही साठलेलं नाही. तरी लिहितो. वही स्वतःच्या खर्चाने घेतली आहे, कॉलेजच्या स्टोअरमधली नाही, याची नोंद असावी.

गुडघा दुखतो. खेळ अडला आहे. दोन्हींचा एकमेकांशी संबंध नाही.

खेळाची माहिती मला आहेच, पण नोंद पूर्ण हवी. खेळ ऑनलाइन आहे. एक जग आहे, मी घडवलेलं. प्रत्येकाने एक पात्र घ्यायचं आणि आपल्या पाळीला त्या पात्राने काय केलं ते लिहायचं. दातांच्या डॉक्टरीणबाई सेनापती आहेत. वकीलसाहेब चोर आहेत. निवृत्त मुख्याध्यापिका जादूगार आहेत. आमची लेक नावाडीण. राजा, प्रजा, हवामान आणि नदी हे सगळं मी. नियम एकूण २११.

पाच ओळी केव्हाच झाल्या. उद्या कमी लिहीन.

८ फेब्रुवारी, दुपारी

काल लिहिलं नाही. वेळ नव्हता.

सेनापती, चोर आणि जादूगार १९ जानेवारीपासून नदीच्या अलीकडच्या काठावर बसले आहेत. पलीकडे राजवाडा आहे. नियम पहिला: नदीवर पूल नाही, पलीकडे जायचं तर नावाडीणच नेईल. नियम चव्वेचाळीस: दुसऱ्याचं पात्र आपण हलवायचं नाही. नावाडीण तीन आठवडे आलेली नाही. म्हणून बसले आहेत. डॉक्टरीणबाईंनी आज चौथ्यांदा लिहिलं की सेनापती वाळूत बसला आहे. वाळूचं वर्णनही करत नाहीत आता.

पहिला नियम लेकीचाच. नऊ वर्षांची होती, कांजिण्या आल्या होत्या, शाळा बंद. मी रजा काढून तिच्या पलंगाशी बसलो होतो. तिने विचारलं, नदी असेल तर पलीकडे जायचं कसं? मी पूल म्हणालो. ती म्हणाली, पूल नको, मग माझ्याकडे कोण येणार? लगेच नाव काढली आणि नावेला डाव्या बाजूला भोक पडलंय म्हणून सांगितलं. ते आम्ही कंपासपेटीच्या झाकणाने बुजवलं. पंधरा वर्षं झाली. झाकण अजून टिकून आहे.

येईल ती. नोकरी नवी आहे, शहर नवं आहे. तिकडे नेटवर्कचा प्रश्न असणार.

११ फेब्रुवारी, संध्याकाळी

नेटवर्क आहे. लेकीचा मेसेज आला. नावाडिणीचा नव्हे, तिचा स्वतःचा. तिचं म्हणणं, नदीवर आता पूल होऊ दे. पंधरा वर्षं ती नुसती या काठावरून त्या काठावर करते आहे, पलीकडे उतरून राजवाडा आतून कसा आहे ते तिने एकदाही पाहिलेलं नाही. शिवाय ती दोन दिवस नाही आली तर सगळ्यांचा खोळंबा होतो, आणि डबा खाता खाता तिघांना पलीकडे पोचवावं लागतं. तेव्हा पूल.

मी शांतपणे विचार केला. चार मिनिटं. मग कळवलं की नियमबदलाचा अर्ज विहित नमुन्यात नाही.

खरं तर असा नमुनाच नाही. तो रविवारी तयार करीन.

१५ फेब्रुवारी

नमुना झाला नाही. वकीलसाहेबांमुळे. ते म्हणतात, नियमात पूल नाही असं आहे, दोर नाही असं कुठे आहे? चोराने दोर फेकला तर तो पूल होत नाही. कोर्टात हे टिकेल म्हणाले. मी म्हटलं, इथे कोर्ट मी आहे. तरी सावधगिरी म्हणून पोटनियम केले: १(अ) दोर, १(आ) आडवी फांदी, १(इ) लांब उडी, १(ई) पोहणे. सगळं बंद.

लोकांना वाटतं मी हट्टी आहे. मुळीच नाही. पण आज पूल दिला की उद्या विमान मागतील. भटाला दिली ओसरी, भट हातपाय पसरी. मी सांभाळतो त्या कॉलेजच्या स्टोअरमध्येही हेच. प्रयोगशाळेचे सर चिठ्ठीशिवाय स्क्रू-ड्रायव्हर मागायला आले होते. पाच मिनिटांचं काम आहे म्हणे. चिठ्ठी आणायला त्यांना वीस मिनिटं लागली. शिस्त लागते हळूहळू.

१९ फेब्रुवारी, सकाळी

धाडसी पाऊल उचललं. नियम एकसष्टप्रमाणे नावाडिणीला कारणे दाखवा नोटीस पाठवली. सलग तीस दिवस विनापरवाना गैरहजर, सात दिवसांत खुलासा करावा. मजकूर चोख झाला. प्रेमळ तरीही ठाम. शेवटी 'आपला विश्वासू' लिहिलं होतं. मग ते खोडून 'संचालक' केलं.

नोटीस मिळाली की ती येईलच. तिला माझा स्वभाव माहीत आहे.

२२ फेब्रुवारी

स्वभाव माहीत असूनही आली नाही.

बायको म्हणाली, एवढं आहे तर फोन करा की. तिला समजत नाही. फोनवर आमचं जमत नाही. मी विचारतो जेवलीस का, ती म्हणते हो, तू? मी म्हणतो हो. मग मी फोन हिच्याकडे देतो. जे काय बोलायचं ते आम्ही नावेत बोलत आलो. ती बारावीत गणितात नापास झाली तेव्हा मला सांगितलं नव्हतं. नावाडिणीने लिहिलं की नावेत पाणी शिरतंय. मी नदी होतो, मी पाणी खाली नेलं. दुसऱ्या दिवशी तिने आपण होऊन निकाल दाखवला. हे फोनवर झालं असतं का?

आपण आधी फोन करायचा नाही, असं ठरवलं आहे. वाट वगैरे पाहत नाही.

२६ फेब्रुवारी

आज बंड. डॉक्टरीणबाईंनी मला न विचारता लिहिलं की भीषण दुष्काळ पडला, नदी आटली आणि सेनापती चालत निघाला. हवामान माझं, नदी माझी. मी ताबडतोब पूर आणला. सेनापती पुन्हा वाळूत.

त्यावर डॉक्टरीणबाई म्हणाल्या की दिवसभर लोकांच्या तोंडात बघून जीव आंबतो, म्हणून संध्याकाळी तासभर इथे येते, आणि इथे येऊन महिनाभर वाळू बघते आहे. मोकळेपणाने काहीतरी करू द्या. मी नियमावलीची पान ४ वरची प्रस्तावना पाठवली, 'मोकळीक आणि मर्यादा'. ती वाचली की माणूस निवळतो, असा माझा समज होता.

मुख्याध्यापिकांनी शांतपणे विचारलं की त्यांच्या जादूगाराला काठावरच म्हातारपणाने मरण आलं तर चालेल का. मृत्यूसाठी आगाऊ अर्ज लागतो, तीन प्रतींत, हे मी नम्रपणे लक्षात आणून दिलं. त्यांनी तिन्ही प्रती हाताने लिहून, फोटो काढून दहा मिनिटांत पाठवल्या. अक्षर अजून सुरेख आहे बाईंचं.

१ मार्च, सकाळी ६.५०

गेले. तिघंही.

मुख्याध्यापिकांचा निरोप होता. सहा वर्षं फार छान गेली, तुमच्याइतकं जीव लावून जग कुणी घडवत नाही, पण आता आम्हाला चालायचं आहे. त्यांनी नवा ग्रुप काढला आहे. नाव 'पलीकडे'. नियम एकच म्हणे.

एका नियमावर जग चालत नाही. चार दिवसांत परत येतील. तोवर मी नियमावलीची अनुक्रमणिका करून ठेवतो.

५ मार्च

चार दिवस झाले. आज गुरुवार असल्यामुळे आले नसतील.

खेळ बंद नाही. राजाने दरबार भरवला. प्रजेने जयजयकार केला. हवामान स्वच्छ होतं. नदी वाहिली. चारही पाळ्या मीच लिहिल्या. एकाही नियमाचा भंग झाला नाही. इतका स्वच्छ खेळ पूर्वी कधी झाला नव्हता.

साडेसात वाजता आवरलं. पुढे काय लिहायचं ते सुचलं नाही.

९ मार्च, स्टोअरमध्ये

माझ्या रजेच्या दिवशी प्राचार्यांनी स्क्रू-ड्रायव्हर, पकडी आणि पाने बाहेरच्या उघड्या मांडणीवर ठेवायला लावले. ज्याला हवं त्याने घ्यावं, परत ठेवावं. मी म्हटलं आठवड्यात मांडणी रिकामी होईल. आज मोजणी केली. एकच स्क्रू-ड्रायव्हर कमी भरला. तो माझ्या खणात निघाला.

अहवालात 'एक नग तात्पुरता अनुपलब्ध' असं लिहिलं.

१४ मार्च

बायकोने आज सकाळी गॅस बंद केला, समोर बसली आणि सगळं बोलली. नोटिशीचं तिला माहीत होतं. लेकीने त्याच दिवशी फोनवर वाचून दाखवली होती. पहिल्या दोन ओळींना ती हसली म्हणे. शेवटचं 'संचालक' वाचून रडली. बायको म्हणाली, अहो, पोटच्या पोरीला गैरहजर काय ठरवता? पूल मागितला तिने, तुम्हाला सोडून जाते असं म्हणाली होती का?

मी म्हटलं, पूल झाला की नावाडीण लागतच नाही. मग ती खेळात कशाला येईल? सांग.

बायको उठली. गॅस पुन्हा लावला. मला वाटतं माझा मुद्दा तिला पटला.

मला पटला नाही. दिवसभर पटला नाही.

१६ मार्च, संध्याकाळी ५.३०

'पलीकडे'ची पाहणी करायची ठरवली. तिकडे जायचं म्हणून नव्हे. अनुभवी माणसाने नव्यांच्या चुका बघून ठेवाव्यात, एवढंच. नाव बदलून अर्ज करणार.

दर्शनी पानावर वर्णन आहे. नदी. तिच्यावर लाकडी पूल. पुलाच्या तोंडाशी एक नाव पालथी घातलेली आहे आणि तिच्यावर पहारेकरीण बसते. येणाऱ्याला तीच आत घेते. नावेच्या डाव्या अंगाला कंपासपेटीचं झाकण ठोकलेलं आहे.

कंपासपेटी काय, कुणाकडेही असते.

पहारेकरणीच्या खाली तारीख होती. २ मार्चपासून रोज लिहिते आहे. रोज. एके दिवशी दोनदा.

म्हणजे वेळ होता. बरं झालं, तब्येत वगैरे ठीक असणार. मी आपला काळजीत होतो.

१७ मार्च

अर्ज केला. माझं पात्र: एक वृद्ध मीठ-व्यापारी, त्याचं कूळ, तीन पिढ्यांचा इतिहास, प्रवासाचे मार्ग, परिशिष्टात नकाशा. अकरा पानं. काल रात्री पाय शेकत पडलो, तेव्हा उत्तर येईल म्हणून खूश होतो.

सकाळी उत्तर आलं होतं. पहारेकरीण सर्वांना देते तेच छापील. इथे नियम एकच, कोण आहात ते तीन ओळींत सांगा. अर्ज नामंजूर.

मला अर्ज नामंजूर. सव्वीस वर्षं मी नामंजूर करतो आहे.

१८ मार्च

कमी करून चार पानं केली. नामंजूर.

दीड पान. नामंजूर. हात दाखवून अवलक्षण.

पण नियम म्हणजे नियम. तिच्या जागी मी असतो तर हेच केलं असतं. लेकीने कामात कसूर केली नाही हे इथे नोंदवतो. चांगली तयार झाली आहे.

२० मार्च, दुपारची सुट्टी

सकाळी लिहायला बसलो. व्यापारी काढून टाकला. कूळ काढलं, नकाशा काढला. मग फारसं काही उरलंच नाही. जे उरलं ते पाठवलं:

एक म्हातारा आहे.
पोहता येत नाही.
पलीकडे यायचं आहे.

शुद्धलेखन तपासलं. बटण दाबलं. स्टोअरमध्ये आलो. मांडणीवरची पकड कुणीतरी नेली होती, तिकडे पाहिलं नाही.

एक वाजता उत्तर आलं. पहारेकरणीने लिहिलं होतं की ती नावेवरून उठली आणि बाजूला झाली. त्याखाली एक ओळ होती, ती पहारेकरणीची नव्हती. बाबा, जेवलास का?

दहा मिनिटं डबा समोर ठेवून बसलो होतो. एरवी मी हो म्हणतो. आज लिहिलं, नाही.

मग फोन वाजला. तिचा होता. मी संचालक म्हणून एक निवेदन मनात जुळवत होतो, नोटीस मागे घेण्याबाबत. ती म्हणाली, आधी डबा उघड. मी उघडला. ती तिकडे तिचा खात होती, चमच्याचा आवाज येत होता. मी म्हटलं, नावेचं झाकण पक्कं बसलंय का. ती म्हणाली, अगदी पक्कं. बराच वेळ दोघं जेवलो. फोन बायकोकडे द्यायची सोय नव्हती.

ठेवताना तिने सांगितलं की त्यांच्याकडे नदी कुणी लिहीत नाही. सगळे पुलावरून जातात, खाली नुसती वाळू आहे, बरं दिसत नाही. नदीचं काम मला मिळेल. एका अटीवर. पाणी गुडघाभरच ठेवायचं, पूर आणायचा नाही.

मी म्हटलं, विचार करून कळवतो.

दोन वाजता पाणी सोडलं. गुडघाभर.