बाटलीच्या तळचा साका

१४ ऑक्टोबर

चि. बोकोबास,

आशीर्वाद नेहमीचेच, राग मात्र ताजा. रविवारी, १२ तारखेला, दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी माझ्याच टेबलाशी माझाच चहा पीत तू म्हणालास, "मावशी, डोळ्यांच्या थेंबांचं काम सोडतोय. पुढच्या महिन्यापासून शाम्पू." तुझी आई म्हणाली, "बरं झालं, घरात फुकट शाम्पू तरी येईल!" सगळे हसले. मी नाही.

इकडे सर्व ठीक. गळका नळ दुरुस्त झाला. शेजारीण पुन्हा गाणं शिकते आहे, त्याला इलाज नाही.

चार वर्षं तू माझं डोकं खाल्लंस: हे औषध पाण्यात विरघळतच नाही, तळाशी साका होऊन बसतं, बाटली नीट हलवली नाही तर डोळ्यात नुसतं पाणी जातं. मग तुला साखरेच्या रेणूंचं ते कडं सापडलं. औषध कड्यात लपतं आणि कडं पाण्यात विरघळतं. सहा महिने ठेवलेली बाटलीही नितळ राहिली म्हणून तू माझ्या स्वयंपाकघरात नाचला होतास. आणि आता तुझे कंपनीतले साहेब म्हणाले, "जुनं चांगलं खपतंय," की तू मान डोलावलीस? आमच्या कॉन्व्हेंटमध्ये अशा मानेला सिस्टर पट्टी दाखवायच्या.

"हट्टी म्हातारी" म्हणालास. आहेच.

आणखी एक. निघताना तू दोन बाटल्या खिडकीपाशी धरल्यास. "ओळख, नवी कुठली?" मी म्हटलं, "डावीकडची. खुळी समजतोस का मला?" तू टाळी दिलीस.

मी ठोकून दिलं होतं, बोकोबा. दोन्ही मला सारख्याच दुधाळ दिसल्या. छापखान्यात जन्मभर लोकांच्या चुका वेचल्या, आता ओळ सरळ जावी म्हणून पट्टी धरून लिहिते. जुनी बाटली मी रोज हलवली, मनगट दुखेपर्यंत. माझ्या डोळ्याची सूज हटली नाही. हे तुझ्या आईला सांगायचं नाही, आणि माझी कीवही करायची नाही. तुझी नवी बाटली माझ्यासाठी वेळेवर येणार नाही, एवढं मला कळतं. कोणासाठी तरी येईल. थेंबांच्या कामावर परत जा आणि साहेबांशी भांड.

उत्तर लेखी हवं, २७ तारखेच्या आत. फोन चालणार नाही. २८ला डोळ्याचं ऑपरेशन आहे आणि पुढचं डॉक्टरीणबाईही छातीठोकपणे सांगत नाहीत. तेव्हा जाड काळ्या शाईने, मोठ्या अक्षरांत लिही: जाणार की नाही. दुसऱ्या कोणाकडून वाचून घेणार नाही मी.

तुझी, अजून न विरघळलेली,
मावशी