मनकर्णाचा वैद्य

ताडकळस,
९ फेब्रुवारी २०२५

प्रिय नागसेन,

सप्रेम जयभीम. तू आणि बबिता पुण्यात सुखरूप असाल. इकडे हरभरा काढून झाला, माझ्या शाळेची तपासणीही पार पडली. साहेबांनी पोरांना पाढे विचारले आणि स्वतःच सतराच्या पाढ्यात अडकले.

फोन सोडून पत्र कशाला, म्हणशील. फोनवर तू ‘अक्का, मीटिंगमध्ये आहे’ म्हणतोस. कागदाला तसं सांगता येत नाही.

बबिताकडून कळलं, की रोज संध्याकाळी तू ऑनलाइन खेळ खेळतोस. जो तो एक पात्र घेतो आणि ते काय बोलतं, काय करतं ते लिहितो. खेळातल्या गावाचा तू वैद्य आहेस. आईला लकवा मारल्यापासून तू घरी आला नाहीस, मग हा वेळ जातो कुठं ते बघायला मीही नाव बदलून आत शिरले. खेळातली आजारी म्हातारी मनकर्णा, ती मी.

खरं तर मीही नाही. आजारी म्हातारी वैद्याला काय सांगेल ते मला सुचेना, म्हणून आईला विचारलं. ती म्हणाली, "वैद्य कोण हाय?" मी सहज बोलून गेले, "आपला नागसेन." तेव्हापासून आई सांगते आणि मी लिहिते. उजवा हात उचलत नाही, घास गिळवत नाही, हे मनकर्णाचं सगळं दुखणं आईचं होतं. तुझं उत्तर मी वाचून दाखवायची. किती मायेनं लिहायचास रे! आई शेजारणींना सांगायची, "माझा नागू रोज इचारायलाय, लय काळजी हाय त्याला."

मागं तू लिहिलंस, ‘आजी, बाकीची औषधं आता बंद. फक्त माझा काढा घ्या.’ खेळात ते शोभून दिसलं. घरात आईनं बीपीच्या गोळ्या बंद केल्या. मी हातावर ठेवायची, ती माझी पाठ फिरली की उशीच्या खोळीत सारायची. गेल्या आठवड्यात तिला परभणीला दवाखान्यात न्यावं लागलं. आता घरी आणली आहे, घाबरू नकोस. फोनवर मी ‘आई बरी आहे’ म्हटलं, ते दवाखान्याच्या जिन्यात उभी राहून.

यात तुझी चूक नाही. तू मनकर्णाला सांगत होतास. मी आईला समजावलं, की वैद्य वेगळा आणि नागसेन वेगळा, तो नुसता खेळ आहे. ती म्हणाली, "मंग त्यो खेळातलाच बरा हाय. त्यो इचारतो तरी."

मला राग आला, तुझाही आणि तिचाही. पण ‘आईला तशी पडलेली बघवणार नाही’ असं तू एकदा म्हणाला होतास, ते आता कळतं. खाटेवरची म्हातारी खरी नसली की तुला तिच्याजवळ बसता येतं. ती माया मी खोटी म्हणणार नाही. ती माया तुझीच आहे, वैद्याची नाही. ज्या आईसाठी आहे तिला मात्र ती उसन्या नावानं मिळते.

आई अजून गोळ्या घेत नाही. नागूनं बंद करायला सांगितल्या, आता नागूनंच सांगावं, एवढंच धरून बसली आहे. तिला वाचता येत नाही. वैद्याच्या नावानं मीच काहीही वाचून दाखवू शकते. ते मी करणार नाही.

तू ये. तिला नुसतं विचार, "आई, कसं वाटायलंय?" आणि तुझ्या हातानं गोळी दे. तिचं वाकडं झालेलं तोंड बघून रडू आलं तर रड, तिच्यासमोरच रड.

उद्यापासून मनकर्णा खेळात येणार नाही. तिथं तिला शोधू नकोस. तिची खाट इथं, ताडकळसला आहे.

तुझी अक्का,
धम्मशीला