आपट, मी परत लावीन

बाबा,

रविवारी तुम्ही तिकडे कामाच्या साइटवरून फोन आपटलात, तेव्हापासून माझं डोकं तापलंय.

धाकटी कित्येक महिने भिंतीकडे तोंड करून पडली होती. मग ती समुपदेशनाच्या गटात जायला लागली. तिथे तिच्यासारखीच मुलं मनातलं बोलायचा सराव करतात. दोन खुर्च्या पाठीला पाठ लावून मांडायच्या, की झाला फोन. एक मुलगी तुम्ही व्हायची. "मार्क किती पडले?" असं ती गुरकावली की धाकटीने म्हणायचं, "बाबा, आधी मी कशी आहे ते विचारा." किती दिवस ती ते वाक्य अर्ध्यावरच सोडत होती.

रविवारी तिने ते खरंच म्हटलं. आणि तुम्ही? "ही थेरं कोण शिकवतं? उद्यापासून बंद!"

घरातली पहिली ग्रॅज्युएट म्हणून साइटवर सगळ्यांना माझा फोटो दाखवता ना? मग मी मानसशास्त्र शिकून सांगते, ते का ऐकत नाही? तिचं बोलणं हा आजार नाही, बाबा. गप्प पडून राहणं हा आजार होता.

गट बंद होणार नाही. आईच म्हणाली, "मी नेऊन सोडेन तिला, बघते कोण अडवतं."

हे पत्र मी पाठवणार नाही, कारण बोलायचं तिलाच आहे. आत्ता स्वयंपाकघरात दोन खुर्च्या मांडल्यात. आज बाबा मी झालेय. तिला आधीच बजावलं, "मी मधेच फोन आपटणार हं."

ती म्हणाली, "आपट. मी परत लावीन."

तुमच्यावर चिडलेली,
थोरली