गोळीवर पाणी सोडलं त्यानंतर

५ नोव्हेंबर

रात्रीच्या झोपेच्या गोळीची खरी किंमत आज काढली. पैसे किरकोळ. पण माणसांची नावं ओठांपर्यंत येऊन अडकतात. दुपारी खुर्चीतच मान कलते. आणि कान! जामनगरातली कुठलीही लेथ दारातून ऐकून बेअरिंग गेलंय की नाही सांगणारा मी — परवा माझ्याच कारखान्यात मशीन कण्हत होतं, मला पत्ता नाही. कारागीर एकमेकांकडे बघत होते.

आज पाडवा, आमचं गुजरात्यांचं नवं वर्ष. खोडियार मातेसमोर ओंजळीत पाणी घेतलं आणि गोळीवर सोडलं. सगळ्या गोतावळ्यासमोर. थोरला भाऊ म्हणाला, "जेराम, बेताने घे." मी म्हटलं, "तंबाखूची डबी एका दिवसात फेकली मी! कुणाच्या टेकूशिवाय. ही तर मोहरीएवढी गोळी!"

सगळे हसले. रंभा तेवढी हसली नाही. बायका उगाच घाबरतात.

६ नोव्हेंबर

झोप नाही. ठीक आहे.

८ नोव्हेंबर

हात थरथरतात. अर्धा चहा लेंग्यावर. भांडं वाजलं की डोक्यात खिळा ठोकल्यासारखं होतं.

रंभा म्हणते, "अहो, अर्धी तरी घ्या."

"मातेसमोर सोडलेलं पाणी परत ओंजळीत भरू?"

तिचे डोळे भरले.

९ नोव्हेंबर

लाभपंचमी. कारखाना उघडला, मुहूर्ताचं पितळ कापायला मीच उभा राहिलो. बटण दाबलं — पुढचं आठवत नाही. कारागीर सांगतात, ताठ झालो, डोळे फिरले, पडलो. मशीनच्या अलीकडे पडलो म्हणून आज हे लिहितोय.

११ नोव्हेंबर

डॉक्टर झंखनाबेन. माझ्या मुलीच्या वयाची, पण बोलणं खणखणीत.

"काका, ही गोळी एकदम बंद करतात होय? फिट आली ती त्यानेच. जीव गेला असता."

गोळी परत सुरू. मग अगदी थोडी थोडी कमी करायची, कितीही महिने लागोत. कधी आणि किती, ते त्या ठरवणार. त्रास वाढला तर त्याच पायरीवर थांबायचं. "शर्यत नाही ही," म्हणाल्या.

"दिली कुणी?"

"प्रागजीने. मेडिकलवाला. माझा लंगोटीयार."

"चिठ्ठी?"

चिठ्ठी कसली!

"थोड्या दिवसांपुरती असते ही. सवय लागते. कुठल्याही औषधवाल्याला विचारा."

कुठल्याही! आणि प्रागजी मला म्हणायचा, "शेंगदाण्यासारखी आहे रे, खुशाल खा."

१४ नोव्हेंबर

प्रागजी गाठिया घेऊन आला. "जेराम, जीव टांगणीला लावलास की!"

मी विचारलं, "तुला ठाऊक होतं?"

"अरे पण झोपत होतास ना मजेत?"

हा सूर मी ओळखतो. मीही उभा जन्म माल विकला आहे. गिऱ्हाईक फिरून येणारच अशी खात्री असली की असा सूर लागतो. एका ताटात जेवलो आम्ही! म्हटलं, "ऊठ." त्याने रंभाकडे बघितलं, काहीतरी बोलायला तोंड उघडलं, मिटलं, गेला. गाठिया गायीला घातले.

१७ नोव्हेंबर

रंभा मातेकडे जाऊन आली. पुजारी म्हणाले, आईला लेकरू हवं, हट्ट नको. बरं वाटलं. कुणाला सांगणार नाही.

१२ डिसेंबर

पहिल्यांदा जराशी कमी केली. घाम, चिडचिड, पायांत मुंग्या. मनात आलं, टाकावी सगळीच नाल्यात! फोन केला. बेन म्हणाल्या, "याच पायरीवर राहा, काका. घाईने उतरू नका." राहिलो.

२८ डिसेंबर

कोपऱ्यातल्या लेथचा पट्टा ढिला आहे, मी ऑफिसात बसून सांगितलं. कारागिराने उघडून बघितलं. ढिलाच होता!

एका रंभावर भरवसा टाकून चाललोय. बाकी सगळे दुकानदार.

२ जानेवारी

गोळी नेमकी कधी सुरू झाली, बेननी विचारलं होतं. रंभाला विचारलं. वाटाणे सोलत होती, मान वर केली नाही.

"तुम्ही डबी फेकलीत त्याच रात्री. भिंतीवर डोकं आपटत होतात. मीच प्रागजीभाईंच्या पाया पडले. आधी मी दुधातून देत होते. मग ते म्हणाले, आता त्याच्या हातात देऊ."

तंबाखू मी सोडली नव्हती. गोळीने सोडवली होती.