टाकीच्या आतला रंग

१५ एप्रिल १९८७, कळंब

गावी भीमजयंती करून परत गॅरेजवर. घरी गेलो तेव्हा आईनं दारातच माझा सदरा हुंगला. नेहमीचंच! मी स्प्रे पेंटर झाल्यापासून जाईबाई लेकाला डोळ्यांनी नाही, नाकानं ओळखते. आला माझा रंगाचा डबा, असं शेजारच्या चांगुणाकाकूला सांगत होती.

तिकडं भूमकडे पाण्याचे फार हाल. टँकर गावात रिकामा होतो, आमच्या बौद्धवस्तीला तळाचं गढूळ तेवढं उरतं. म्हातारी उन्हात हंडा घेऊन सगळ्यांच्या शेवटी उभी. संताप आला नुसता.

१८ एप्रिल

सोसायटीनं मळी वाहणारा जुना टँकर घेतलाय, गावोगाव पाणी द्यायला; रंगवायला आमच्याकडे आलाय. आतून गंजलेला. गॅरेजच्या महांतप्पा मालकांनी ठरवलं — बाहेरून मारायचा तोच हार्डनरचा रंग आतूनही मारायचा, म्हणजे पाण्यात गंज उतरणार नाही. गाडीचा रंग गाडीला ठीक. पिण्याच्या पाण्याला? मला पटत नाही. पण मालकांपुढे माझं काय चालतं!

टँकरवर ड्रायव्हर बब्रुवान. जुना दोस्त. त्याला म्हटलं, बाबा, एकदा तरी पहिली खेप आमच्या वस्तीला टाक. आधी चहा पाज, म्हणाला. पाजला. वर भजीही खाल्ली लेकानं.

२१ एप्रिल

हार्डनरच्या डब्याचं झाकण कुणीतरी उघडं टाकलं. अर्धा डबा खिरीसारखा घट्ट! चार माप रंगाला एक माप हार्डनर लागतो. उरलाय तो टाकीला पुरायचा नाही. मी म्हणालो, सोलापूरहून नवा डबा येईस्तोवर थांबू. मालक भडकले.

"लोकं पाण्यावाचून बोंबलायलेत आन् तू डब्याची वाट बघायलास? हाय तेवढा घाल. ऊन लई हाय, वाळंल."

हार्डनर कमी पडला की रंग वरून वाळतो, आत ओलाच राहतो. हे मी मालकांना सांगितलं. त्यांनी पाठ फिरवली.

२२ एप्रिल

सकाळी कालवला. दुपारपर्यंत टाकीच्या आत. तोंडाला ओला पंचा, वरच्या झाकणातून येईल तेवढा उजेड. वाफ जाणार कुठं? बाहेर आलो तर छाती आवळलेली, खोकला थांबेना.

एकदा कालवलेला रंग दुपारच्या आत संपवावा लागतो, नाहीतर डब्यातच दगड होतो. आज संध्याकाळ झाली तरी उरलेला रंग पातळच. काठीनं ढवळून पाहिला. भीती वाटली.

२४ एप्रिल

टाकीत उतरलो. वरून कोरडा, चकचकीत. नख दाबलं तर रुतलं! आणि वास — डोळ्यांतून पाणी. मालकांना बोलावलं. त्यांनी बोट फिरवलं आणि म्हणाले, वाळला की. मी हट्टच धरला. हा रंग खरवडून काढल्याशिवाय यात पाणी भरायचं नाही. बोलता बोलता खोकल्यानं खाली बसलो, तेव्हा कुठं नरमले.

"बरं बाबा. आधी तू नीट हो, मग खरवड. तवर टँकर हलवत न्हाय म्या."

जीव भांड्यात पडला.

२६ एप्रिल

खोलीवर पडून. उताणं झोपवत नाही, दम लागतो. डॉक्टर म्हणाले, रंगाचं काम सोड. दुसरं येतंय काय मला?

सारखं वाटतं, उठून एकदा टँकर पाहून यावा. मालकांनी शब्द दिलाय. तरीही.

२७ एप्रिल

एसटी स्टँडवर. भूमची गाडी अजून लागली नाही.

मघाशी बब्रुवान खोलीवर आला, खुशीत. काल लोकांनी सोसायटीच्या दारात रिकामे हंडे आणून ठेवले, म्हणून मालकांनी सकाळीच टँकर गॅरेजमधून सोडला आणि भरायला लावला.

"पयली खेप तुमच्याच वस्तीला टाकली, मच्छिंदर. तुझा चहा फिटला."

पाण्याला वास मारतो म्हणून बाया मागं सरल्या होत्या म्हणे. आई पुढं झाली. "आगं, ह्यो तर माझ्या लेकराच्या सदऱ्याचा वास हाय," म्हणाली. आणि सगळ्यांदेखत तांब्याभर पाणी प्यायली.

मग सगळ्यांनी हंडे भरले.