पाच जणींचा गट

बाई, तुम्ही जाऊन वीस वर्षं होत आली. मीही तुमच्यासारखीच वडगावात, मराठी शाळेत, दहावीला समाज विज्ञान शिकवते, हे तुम्हाला कळायचं राहूनच गेलं. यंदा वर्गातल्या पाच मुलींचा मी एक गट केला. एकेकटीला पुस्तक उघडायचा कंटाळा. गटाला गोडी लागावी म्हणून काय सुचवावं, ते मोबाइलवर शोधत बसले. आपल्या कर्नाटकच्या अभ्यासक्रमाचं कन्नडमध्ये ढीगभर मिळतं, मराठीत जवळजवळ काहीच नाही. मग कोल्हापूरकडच्या एका मास्तरांचे व्हिडिओ सापडले. मराठी अगदी आपल्या घरातलं. धड्यांची नावं मिळतीजुळती होती. आतला मजकूर वेगळा आहे हे मला दिसत होतं, तरी मी ते दिले, कारण पहिल्याच दिवशी पाचही जणी माझ्या मोबाइलवर डोकी टेकून हसत होत्या. "टीचर, हे सर लई भारी सांगत्यात!" म्हटलं, आधी गोडी लागू दे, पुस्तकाकडं मग वळवीन. ते वळवणं राहिलं.

माझं दहावीचं वर्ष आठवतं. तुमच्या स्वयंपाकघरात आम्ही चौघी बसलोय. तुम्ही भाकरी थापताय आणि मी मावसभावाकडून आणलेलं कोल्हापूरचं गाईड ऐटीत बाहेर काढते. पिठाच्याच हातानं तुम्ही ते ओढून घेता. "तिकडचं पुस्तक तिकडं पास करतंय गं. हितला पेपर काय तुझा मावसभाऊ काढणाराय?" बाकीच्या हसल्या, मी रडले. मग तुम्ही कन्नडवरून स्वतः मराठीत उतरवलेली पानं पुढं केलीत. चौघींत एकच प्रत, म्हणजे एकीनं मोठ्यानं वाचायचं आणि तिघींनी ऐकायचं. त्या पानांसाठी तुमच्या किती संध्याकाळी गेल्या असतील, हे आम्ही कधी विचारलं नाही. या मुलींसाठी मी तशी एकही संध्याकाळ काढली नाही.

माझ्या गटातल्या चौघींना बाहेरची शिकवणी होती, त्या पास झाल्या. पाचव्या मुलीला फक्त मी होते. तिनं त्या मास्तरांचा शब्दन् शब्द पाठ करून पुरवण्या भरल्या आणि समाज विज्ञानात नापास झाली. नापासांसाठी असलेल्या दुसऱ्या परीक्षेचा फॉर्म भरायला सांगावं म्हणून मी तिच्या घरी गेले. घरात दोन माग चालू होते. तिच्या वडिलांनी ते बंद केले नाहीत, आवाज चढवून म्हणाले, "बसा मॅडम. फॉर्म कशाला आता?"

"एकाच विषयाचं आहे, अण्णा. निघंल ती."

"पाच जणी एकत्र बसत हुत्या न्हवं? तेच व्हिडिओ बघत हुत्या? चौघी पास झाल्या. मग हिलाच डोस्कं न्हाय म्हणा की सरळ. लाजताय कशाला?"

ती कोपऱ्यात मागासाठी सुताच्या कांड्या भरत होती. तिनं मान वर करून माझ्याकडं पाहिलं. चुकीचे धडे मीच दिले, एवढं म्हणायचं होतं. त्यांनी तिला फॉर्म भरू दिला असता, असं मला अजून वाटतं. मी म्हणाले, "लक्ष जरा कमी पडलं तिचं."

"तेच म्हणतोय मी," ते म्हणाले. तिनं पुढची कांडी लावली.

फॉर्मची मुदत परवा संपली. बाई, हे पत्र खरं तर तिच्या वडिलांना लिहायला हवं होतं. त्यांचं घर शाळेपासून दोन गल्ल्यांवर आहे. तुम्हाला लिहिलं, कारण तुम्ही वाचणार नाही.