बरणीला एकच हात

५ डिसें. १९७२, मंगळवार. भिंगार
सायबांचा शिपाई सकाळीच सायकलवर डुकराची मांडी घेऊन हजर. "नाताळच्या खान्याला. मागच्या साली बाईंनी खारवलं होतं तसंच पाहिजे म्हणालेत." झालं. हे डेपोत कारकून, चार वर्षं टेंपररी, कायम करायचा कागद सायबांच्या टेबलावर. नाही म्हणायची सोय नाही.

दोन हंडे पाणी उकळून गार केलं. नळ दिवसाआड, आता उद्या धुणं नाही. मीठ, रंग धरायला सोरा, गूळ, मिरे, लवंगा. बरणीत मांस, वर जड दगड, तोंडाला फडकं बांधलं. आता नाताळपर्यंत रोज खालवर करायचं, तेही ज्या हाताने मीठ लावलं त्याच हाताने. हात बदलला की नासतं म्हणे. बाप्तिस्मा होऊन तीन पिढ्या झाल्या, तरी ह्या घरातून ही समजूत काही धुऊन निघाली नाही.

८ डिसें.
राहात्याच्या शाळेचं पत्र!! एका बाईंनी मधेच नोकरी सोडलीय. मुलाखत १५ ला, निवड झाली तर १८ पासून हजर, राहायची सोय तिथेच. पत्र चारदा वाचलं. ट्रेनिंगचं सर्टिफिकेट ट्रंकेच्या तळाशी, लग्नापासून तिथेच.

ह्यांना दाखवलं. घडी घालून परत दिलं. "बरणी कोण बघणार?"
मी म्हटलं, सासूबाई बघतील. हसले. "आईचा हात? सगळं फेकून द्यावं लागेल."

१० डिसें., रविवार
उपासनेनंतर बायका जमल्या. तुझ्या हातचं कधी नासत नाही गं, देवाची देणगीच आहे. मी आपली हसत उभी. पहिल्या वर्षी हौसेने केलं, कौतुक झालं, मी फुगले. दुसऱ्या वर्षी ह्यांनी परस्पर सायबांना शब्द दिला. आता तिसरं. माझ्या कौतुकानेच मला बांधून घातलंय.

१२ डिसें., दुपारी
घरात कोणी नव्हतं. हंड्यातल्या कच्च्या पाण्याचा तांब्या भरून बरणीपाशी गेले. ओतला की आठ दिवसांत वास सुटेल, मग पुन्हा कोणी सांगणार नाही. उभी राहिले. उभीच.
नाही जमलं. चांगलं मुरत आलेलं, रंग गुलाबी धरलेला. तांब्या तुळशीत ओतला. (तुळस शेजारणीची.) स्वतःचाच राग आला.

१४ डिसें.
ह्यांच्याशी बोलणं बंद. सा.बाई लसूण सोलत होत्या. शेवटी सांगून टाकलं, उद्या पहिल्या गाडीने जातेय, नासलं तर नासू दे.
त्यांनी हातातली पाकळी खाली ठेवली.
"माजा हात वाईट न्हाई."
मी म्हटलं, म्हणजे?
"सासऱ्याच्या घरी धा वरसं मीच घालत हुते. पाव्हणं आलं की मी, सण आला की मी. माज्या आईला बरं नव्हतं तवाबी सोडलं न्हाई, म्हनले बरनी हाय. आई गेली. मग एका साली वल्ला हात घातला मुद्दाम. समदं नासलं. शिव्या खाल्ल्या, पर सुटले. तवापासून माजा हात वाईट."
आणि लसूण सोलायला लागल्या. इतकी वर्षं ह्या बाईने हे पोटात ठेवलं! मी परवा तांब्या घेऊन उभी होते ते सांगितलं नाही. बहुतेक माहीत असावं.

१५ डिसें.
निघताना ह्यांनी पाठ फिरवली.
राहाता. हेडमास्तर बरे वाटले. चौथीचा वर्ग दिला, गणित घ्या म्हणाले. खडू हातात धरला आणि फळ्याकडेच तोंड करून उभी राहिले, पोरांना वाटलं बाई घाबरल्या. घेतलं मला! सोमवारी हजर व्हायचं. परतीच्या गाडीत तीन तास उभी, पाय दुखले हेही लक्षात आलं नाही.

घरी आले तर सा.बाई हात पुसत होत्या. "खालवर केलंय. कोरड्या हातानं. कुनाला सांगू नगं."

१६ डिसें., शनिवार
सा.बाईंनी फडकं सोडून दाखवलं आणि परत बांधलं. मांस उत्तम. वास नाही, खार स्वच्छ.
सकाळपासून हाच विचार. खरं सांगितलं तर मी सोमवारी मोकळी, आणि सा.बाई साठाव्या वर्षी पुन्हा बरणीला. नाही सांगितलं तर बरणी माझीच.
ह्यांना म्हटलं, तुम्हीच करा ना, तुमचे सायेब. "पुरुषाचा हात?" एवढंच. विषय संपला.

संध्याकाळी हे आले ते सरळ बरणीपाशी. फडकं सोडलं, वास घेतला, खूश. मग फडक्याकडे बघून थांबले.
"ही गाठ तुझी नाही. काल हात कोणी घातला?"
सा.बाई चुलीपाशी, पाठ आमच्याकडे. भाकरी थापणं थांबलेलं.
वाढते, आधी जेवून घ्या, असं म्हणून आत आले आणि हे लिहितेय. बाहेरून पुन्हा विचारतायत.